लेकीला टुरिझममध्ये जायचंय, पण निसर्ग राखणाऱ्या टुरिझममध्ये. यात पोट भरतं का?

ताई, नमस्कार. तुमचं पत्र नीट वाचलं. लेक बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, झूलॉजी घेतलंय, यंदा रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासव महोत्सवात मदतीला गेली होती आणि तिथनं आल्यापासून एकच धोशा लावलाय की मला पर्यावरण जपणाऱ्या पर्यटनातच काम करायचंय. तिच्या बाबांचं म्हणणं एमपीएससी दे. आणि तुम्ही विचारताय की टुरिझम म्हणजे तिकिटं काढून देणं नाहीतर हॉटेलच्या काउंटरला उभं राहणं, त्यात झूलॉजीचं काय काम आणि पोरीचं पुढं भागणार कसं.

तुमची काळजी रास्त आहे, पण ती जे बघून आलीय ना, ते आधी तुम्ही पण समजून घ्या. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, पूर्वी ती अंडी माणसंच उकरून न्यायची, उरलेली कोल्ही-कुत्री खायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं, तिथं घरटी वाचवायला सुरुवात केली. मादी रात्री येते, खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते, मग पहाटे गावातली माणसं तिच्या पावलांची खूण बघत घरटं शोधतात, अंडी अलगद उचलून किनाऱ्यावरच्याच कुंपणातल्या हॅचरीत, म्हणजे अंडी राखून उबवायच्या जागेत, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येण्याची वेळ झाली की वर टोपली पालथी घालतात, सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघतात आणि पिल्लं असतील तर समुद्राकडं सोडतात. ते बघायला लोक यायला लागले, त्यातनं महोत्सव उभा राहिला. महत्त्वाची गोष्ट ही की गावात मोठं रिसॉर्ट न येता पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी राहिले, त्यांच्याच ओटीवर जेवले, म्हणजे पैसा थेट घरात आला. ज्या गावात अंडी खाल्ली जायची तिथंच आता अंडी राखण्यात गावाचा फायदा आहे.

आता तुमच्या लेकीला जे काम करायचंय ते नेमकं इथं सुरू होतं. मी तिथं गेले होते तेव्हा दोरीच्या अलीकडं ही गर्दी, कुणाला पिल्लू हातात घेऊन फोटो पाहिजे, कुणी मोबाइलचा टॉर्च लावलाय, आणि एक गावातला मुलगा शांतपणे पण अजिबात न बधता सांगत होता की लाइट बंद करा, पिल्लं उजेडाकडं वळतात, दोरी ओलांडू नका, आणि आज एकही पिल्लू निघालं नाही तर उद्या सकाळी परत यावं लागेल, पैसे परत मिळणार नाहीत. पैसे मोजून आलेल्या माणसाला नाही म्हणायचं, तो चिडून निघून न जाता उलट समजून घरी गेला पाहिजे, आणि त्यातनं गावाचं नुकसान पण व्हायला नको, हे सगळं एका वेळी जमवणं हेच या फील्डमधल्या लीडरचं काम आहे. निसर्गाची आवड असलेली मुलं माझ्याकडं खूप येतात. पण किती माणसं आत घ्यायची हा आकडा ठरवून तो टिकवून धरणारी फार कमी, आणि मला मनापासून वाटतं की आपल्या राज्याला आत्ता अशाच माणसांची गरज आहे.

साताऱ्याजवळचं फुलांचं कासचं पठार घ्या. २०१२ मध्ये पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, त्यात कास पण होतं, आणि मग साताऱ्याहून गाड्यांची रांगच लागली. जांभ्या खडकावर इंचभर मातीचा थर, त्यात ती फुलं, माणूस एकदा तुडवून गेला की संपलं. मग दिवसाला किती माणसं ते ठरवलं, फी लावली, ऑनलाइन बुकिंग आलं, आजूबाजूच्या गावांच्या समित्यांकडं व्यवस्था दिली. जाळीचं कुंपण पण घातलं होतं, पण गुरं चरायची थांबली तशी तिथली झाडोऱ्याची रचना बदलायला लागली असं अभ्यासक सांगू लागले आणि पुढं ते कुंपण काढलं. बघा, इथं झूलॉजी-बॉटनी लागते! नुसत्या चांगल्या हेतूनं घातलेलं कुंपण सुद्धा चुकू शकतं, हे ज्याला जागेवर उभं राहून कळतं तो माणूस पर्यटनात पाहिजे.

आणि वेंगुर्ल्याच्या स्वामिनी बचत गटाचं उदाहरण तर तिला प्रत्यक्ष दाखवाच. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बायका, २०१७ पासून मांडवी खाडीत कांदळवन म्हणजे खारफुटीची सफारी चालवतात, होडी हातानं वल्हवत, इंजिनाचा आवाज नाही, आणि चिखलातनं वर आलेली ती श्वास घेणारी मुळं दाखवत कुठलं झाड कुठलं ते सांगतात. त्यांच्यामागं राज्याच्या वनखात्यातल्या कांदळवन कक्षाचा आणि यूएनडीपीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या, प्रकल्पाचा आधार होता. त्या आधारात ट्रेनिंग देणारी, बोटीचा हिशोब शिकवणारी, लाइफ जॅकेटचा आग्रह धरणारी माणसं असतात ना, ती पण पगारी नोकरीच आहे, फक्त तिचं नाव आपल्या घरात कुणी ऐकलेलं नसतं.

नोकऱ्या कुठं असतात ते सांगते. ताडोबासारख्या ठिकाणी जंगल लॉजमध्ये नॅचरलिस्ट म्हणजे पाहुण्यांना जंगल समजावून सांगणारा जाणकार म्हणून, तिथं सुरुवातीला पगार बेताचाच पण राहणं-खाणं बहुतेक ठिकाणी मिळतं, आणि पावसाळ्यात कोअरचे, म्हणजे जंगलाच्या राखीव गाभ्याचे, गेट बंद झाले की काम कमी होतं. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं, त्यानंतर कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन असे नियम आले. म्हणजे हा धंदा नियमांवर चालतो, एका सीझनच्या भरवशावर घर चालवता येत नाही, हे तिला आत्ताच कळू दे. मोठ्या हॉटेल कंपन्यांत सस्टेनेबिलिटीचं काम असतं, पाणी किती लागलं, कचरा किती निघाला, भाजी कुठून घेतली याची मोजदाद, यात पगार बरा पण काम एक्सेल शीटचं जास्त. संस्था आणि सरकारी प्रकल्प आहेत. केरळमध्ये कुमरकोमला हॉटेलं गावातल्या बायकांकडून भाजी घेतील अशी घडी बसवली आणि २०१७ मध्ये राज्य सरकारनं त्यासाठी वेगळं मिशनच काढलं, तिथलं काम तिनं जरूर अभ्यासावं. आणि स्वतःचा छोटा व्यवसाय, पण तो आत्ता नको, आधी चार-पाच वर्षं दुसऱ्याकडं काम करून.

शिक्षणाचं म्हणाल तर बीएस्सी अजिबात सोडू नका. टुरिझमच्या डिग्रीसाठी आत्ता शिक्षण बदललं तर तिची सगळ्यात मोठी ताकद जाईल. पदवीनंतर दोन वाटा. मॅनेजमेंटकडं कल असेल तर ग्वाल्हेरच्या आयआयटीटीएम या पर्यटन-प्रवास व्यवस्थापनाच्या संस्थेत टुरिझमचं एमबीए आहे, ती केंद्र सरकारची संस्था आहे. निसर्गाकडं ओढा जास्त असेल तर पुण्यात गरवारे कॉलेजला बायोडायव्हर्सिटीचं एमएस्सी, किंवा इकॉलॉजिकल सोसायटीचा डिप्लोमा, आणि शिकता शिकता बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे) छोटे कोर्स. जीएसटीसी नावाची जागतिक संस्था शाश्वत पर्यटनाचे निकष ठरवते, ते निकष नेटवर मिळतात, तिला वाचायला सांगा. त्यात चार भाग आहेत आणि पर्यावरण हा त्यातला एकच, बाकीचे व्यवस्थापन, स्थानिक लोकांचं उत्पन्न आणि संस्कृती. म्हणून माझा आग्रह असा की तिनं या वर्षात हिशोब शिकावा. एखाद्या होमस्टेवाल्या काकूंकडं बसून एका पाहुण्यामागं गॅस किती, मासळी किती, चादरी धुवायला पाणी किती, हातात उरलं काय, हे सगळं वहीत मांडावं. ती वही मुलाखतीत कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त कामाला येईल, हे मी अनुभवानं सांगते. इंग्रजी बोलण्याची सवय पण लावायला पाहिजे, त्याला पर्याय नाही.

आता बाबांचं. त्यांना सांगा की तुमचं आणि लेकीचं भांडण वाटतं तेवढं मोठं नाहीये. एमपीएससीच्या महाराष्ट्र वनसेवेला झूलॉजीची पदवी चालते, त्यातनं वनक्षेत्रपाल म्हणजे आरएफओ होता येतं, आणि अभयारण्यात गाड्या किती सोडायच्या, गाइड कोण घ्यायचे, गावाच्या समितीला सोबत कसं घ्यायचं हे रोजचं काम शेवटी त्याच खात्यातल्या माणसांकडं असतं. म्हणजे बाबांची परीक्षा आणि पोरीची आवड एकाच टेबलावर येऊ शकते. मात्र त्यात मुलींना चार तासांत १४ किलोमीटर चालण्याची चाचणी असते, तेव्हा चालायची सवय आत्तापासून हवी, आणि त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचायची, क्लासवाल्यांच्या तोंडी माहितीवर राहायचं नाही. फक्त एक विनंती, परीक्षेला दोन प्रयत्न द्यायचे की तीन ते आत्ताच तिघांनी बसून ठरवा आणि त्या काळात सुट्टीत फील्डवर्क चालू ठेवा, नाहीतर वय निघून जातं आणि मुलं दोन्हीकडून अडकतात, हे मी फार बघितलंय.

पुढचा सीझन नोव्हेंबरपासून, तेव्हा अंडी यायला लागतात. या वेळी महोत्सवापुरतं पाठवू नका, पहाटे घरटी शोधायला जाणाऱ्यांबरोबर जमेल तितके दिवस राहू द्या, सेमिस्टरच्या परीक्षा सांभाळून. थंडीत चार वाजता उठून किनारा चालल्यावर सुद्धा तिला हेच करायचं असेल तर मला परत लिहा, तेव्हा कुठल्या एमएस्सीला अर्ज करायचा ते मार्कशीट बघून ठरवू.