मोफत अभ्यासक्रम अर्धवट का सुटतात?

प्रश्न : गेल्या दोन वर्षांत मी संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंगच्या तीन मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव नोंदवले, तिन्ही चौथ्या आठवड्याच्या आत सुटले. दोष माझ्या चिकाटीचा की या पद्धतीचा? शिवाय ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ शिक्षण एकच का?

उत्तर : स्वतःला दोष देण्यापूर्वी ही आकडेवारी पाहावी. २०११ मध्ये सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदवली. तो पूर्ण करणारे वीस हजारांहून थोडे अधिक होते. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकी विद्यापीठांच्या, एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरील अभ्यासक्रमांत तर २०१७-१८ मध्ये सहभागी झालेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के शेवटपर्यंत टिकले, मात्र प्रमाणपत्रासाठी शुल्क भरलेल्यांमध्ये हेच प्रमाण ४६ टक्के होते. शुल्क भरणाऱ्यांचा निश्चय मुळातच पक्का असतो, हे लक्षात घेऊनही या तफावतीकडे दुर्लक्ष करता येत नाही. अर्थात काही जण हवा तेवढा भाग शिकून थांबतात आणि त्यांना अपयशी म्हणणे अन्यायाचे ठरेल.

माझ्या मते खरी अडचण अशी की, व्याख्याने लाखो लोकांपर्यंत पोहोचवता आली, पण शिक्षकाचे लक्ष तसे पोहोचवता आले नाही. संख्याशास्त्रात संभाव्यतेची एखादी कल्पना चुकीची समजली, तर यंत्र उत्तर चूक असल्याचे सांगते. विचार नेमका कोठे घसरला हे मात्र तुमची मांडणी वाचणारा माणूसच दाखवू शकतो. पुढचे धडे त्याच कल्पनेवर उभे असल्याने तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सारेच अवघड वाटू लागते. म्हणून पुढच्या वेळी एकच अभ्यासक्रम घ्या, सोबत शिकणारी एक तरी व्यक्ती शोधा आणि दर आठवड्याला सोडवलेली उदाहरणे एकमेकांना समजावून सांगा. ज्या व्यक्तीला आधीच्या शिक्षणाचा पाया, निवांत वेळ आणि अशी सोबत यांपैकी काहीच लाभलेले नाही, तिच्यासाठी केवळ शुल्कमाफी पुरेशी नसते, आणि मोफत ऑनलाइन शिक्षणाच्या चळवळीची हीच उणीव मला सर्वाधिक अस्वस्थ करते.

मोफत आणि मुक्त यांत मोठा फरक आहे. अनेक मंचांवर व्हिडिओ मोफत पाहता येतात, पण ते उतरवून बदलण्याचा किंवा वाटण्याचा हक्क मिळत नाही. २००१ मध्ये एमआयटीने आपले अभ्याससाहित्य सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली आणि २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा रूढ झाली, त्यामागे हाच हक्क अभिप्रेत होता. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे ठरावीक अटींवर पुनर्वापराची लेखकाने आधीच दिलेली परवानगी, असलेले साहित्य, त्यातील अटी पाळून आणि मूळ लेखकाचा निर्देश करून, पुन्हा वापरता येते. बदलांना मनाई करणारा परवाना नसेल, तर त्याचे आपल्या भाषेत भाषांतरही करता येते. त्यामुळे नाव नोंदवण्यापूर्वी साहित्याच्या तळाशी छापलेला परवाना अवश्य वाचावा.