मुंबईत मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा गेम खेळणारा आमचा चार-पाच जणांचा ग्रुप आहे, नवे प्लेअर कुठून मिळतील?

बोर्ड गेम खेळणाऱ्यांमधून मिळतील, आधीपासून मॅजिक येणारे शोधत बसू नका. आमचा ग्रुप असाच वाढला, कॅफेत कॅटान वगैरे खेळायला येणाऱ्यांना आम्ही मॅजिकचा एक गेम शिकवायचो आणि त्यातलेच काही टिकले, कारण त्यांना नियम समजून घ्यायची आणि दोन तास एका जागी बसायची सवय असते. पण त्यांना पहिल्याच दिवशी कमांडर हा मॅजिकचा प्रकार खेळायला बसवू नका हो, प्रत्येकाचा १०० पत्त्यांचा डेक म्हणजे संच, जवळपास प्रत्येक पत्ता वेगळा, समोर तिघं जण, माणूस वाचूनच थकतो. ६० पत्त्यांचे दोन साधे एकरंगी डेक स्वतः बनवून ठेवा, बहुतेक कॉमन, म्हणजे सहज मिळणारे पत्ते घातले की खर्चही फार नाही, प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये घाला आणि प्रत्येकी २० लाइफने सुरू होणारा साधा गेम समोर बसून शिकवा, पहिला गेम दोघांनीही पत्ते उघडे ठेवूनच खेळायचा. नवख्याला डेक विकत घ्यायला लगेच सांगायचं नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दुसरं म्हणजे वार आणि जागा ठरलेली हवी. रविवार दुपार, दादरच्या आसपास, म्हणजे बोरिवलीवाला आणि ठाण्यावाला दोघंही थेट येतात, हार्बरवाले कुर्ल्याला गाडी बदलतात. कॅफेवाल्याला आधी विचारा, काही ठिकाणी तासावर पैसे घेतात.

फक्त तुम्हाला टुर्नामेंट लेव्हलचे प्लेअर हवे असतील तर याचा उपयोग नाही, त्यासाठी पत्ते विकणाऱ्या दुकानांच्या इव्हेंटलाच जावं लागेल.