ओल्या भिंतीवरचं हिरवं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पन्हाळ्याच्या तटबंदीवर पावसाळ्यात सगळीकडे हिरवं शेवाळ दिसतं. त्यातलं मॉस कुठलं आणि लिव्हरवर्ट कुठलं (दोन्ही फुलं न येणाऱ्या बारीक वनस्पती), कसं ओळखायचं? (राजारामपुरी)

उत्तर : दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ते डोळ्याजवळ धरून वनस्पती भिंगाकडे आणायची. बरेच जण उलटं करतात आणि काहीच दिसत नाही म्हणतात. पान नाही, खोड नाही, नुसता बुळबुळीत थर असेल तर ते शैवाल. बारीक खोड, त्याभोवती सगळ्या बाजूंनी पानं आणि बहुतेकदा पानात मधली शीर दिसली तर मॉस. जमिनीला चिकटलेली, टोकाला दोन फाटे फुटत जाणारी हिरवी पट्टी असेल तर लिव्हरवर्ट. फसगत होते ती झाडांच्या सालीवर, कारण तिथल्या लिव्हरवर्टला पानं असतात. पण ती दोन बाजूंना दोन रांगांत बसतात आणि त्यांना मधली शीर नसते.

बोंडं (बीजाणूंच्या, म्हणजे बियांचं काम करणाऱ्या धुळीसारख्या कणांच्या, बारीक डब्या) आली असतील तर काम सोपं. मॉसच्या बोंडाचा देठ तारेसारखा चिवट असतो, आठवडेच्या आठवडे उभा राहतो आणि बोंडाचं झाकण निघून बीजाणू सांडतात. लिव्हरवर्टचा देठ पाणचट, एक-दोन दिवसांत आडवा होणारा. बोंड बहुधा चार फाकांत उकलतं. लिव्हरवर्टमधली रिक्सिया मात्र याला अपवाद. शेताच्या बांधावर, पाऊलवाटेच्या ओल्या मातीत तिच्या रुपयाएवढ्या चकत्या दिसतात. तिला देठच नसतो, बीजाणू अंगातच तयार होतात आणि अंग कुजल्यावर मोकळे होतात.

चुन्याच्या दरजांत आणि जुन्या विटांवर हायोफिला हे मॉस हमखास सापडतं. उन्हात त्याची पानं आत वळून सुरळ्या होतात आणि गादी तपकिरी, मेल्यासारखी दिसते. वर पाण्याचे दोन थेंब टाकून भिंगातून बघत राहा, बघता बघता पानं उलगडतात. म्हणून वाळलेलं मॉस खरवडून टाकायची घाई नको.

प्रश्न : नर्सरीतून आणलेल्या फर्नच्या कुंडीत मातीवर चपटी हिरवी पानं पसरलीत, वर छोट्या गोल वाट्या आहेत. उपटलं की पुन्हा येतं. (गारगोटी)

उत्तर : हे मार्केन्शिया, लिव्हरवर्टच. वाट्यांत हिरव्या टिकल्या असतात. पाण्याचा थेंब वाटीत पडला की त्या उडतात आणि शेजारच्या कुंडीत रुजतात. झारीने वरून पाणी घालता तेव्हा लागवड तुम्हीच करत असता. हे फर्नचं अन्न खात नाही, पण दाट साय धरली की पाणी खाली मुरत नाही आणि माती वरून ओली, आतून कोरडी राहते.

कुंडी आधी बाकीच्यांपासून लांब ठेवा. वरची एक सेंटिमीटर माती चपट्या सुरीने पानांसकट काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. तिथे दीड-दोन सेंटिमीटर जाड वाळूचा किंवा बारीक खडीचा थर द्या. पाणी थाळीत ठेवून खालून द्या, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका. मातीवर विरघळणारं खत शिंपडणं थांबवा, नत्र मिळालं की हे माजतं. व्हिनेगर मारायचा सल्ला मिळेल; त्याने वरचं करपतं, पण फर्नचे कोवळे कोंबही जळतात.

प्रश्न : बोन्सायच्या तबकात मॉस लावायचंय. ताकात वाटून लावतात, ते खरं का? (कसबा बावडा)

उत्तर : आमच्या मते ताक पिण्यासाठी ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत त्यावर आधी बुरशी धरते. घराच्या आवारातलं, मातीवर किंवा विटेवर वाढलेलं मॉस घ्या. सालीवरचं मातीत टिकत नाही. सावलीत वाळवून हाताने चुरा, चाळलेल्या मातीवर पातळ पसरा, तळहाताने दाबून बसवा. माती आणि चुरा यांत पोकळी राहिली तर रुजत नाही. सकाळ-संध्याकाळ बारीक फवारा, शक्यतो पावसाच्या साठवलेल्या पाण्याचा. बोअरच्या जड पाण्याने पांढरे डाग पडतात. जूनमध्ये सुरुवात केलीत तर पाऊसच निम्मं काम करतो. नर्सरीत मिळणारं वाळकं स्फॅग्नम मॉस यासाठी नको. ते पाणी धरून ठेवायला चांगलं, पण मेलेलं असतं.

प्रश्न : मॉसमुळे भिंतीला तडे जातात का? (शिवाजी पेठ)

उत्तर : नाही. त्याला मुळं नसतात, पकड धरणारे केसासारखे धागे असतात. पण बारा महिने एकाच जागी हिरवं राहत असेल तर तिथे पाणी झिरपतंय. आधी पन्हळ आणि पाइप तपासा, मग ब्रश घ्या.

प्रश्न : दाजीपूरला जाणार आहोत, नमुने आणता येतील? (उत्तरेश्वर पेठ)

उत्तर : अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. तिथे फोटो काढा : एक लांबून, एक भिंगातून, एक बोंडाचा. नमुने स्वतःच्या आवारातून घ्या. चिमूटभर पुरे, कागदाच्या पुडीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बुरस येतो. पुडीवर तारीख, गाव आणि कशावर वाढलं होतं (साल, जांभा, वीट, माती) ते त्याच वेळी लिहा. घरी सावलीत वाळवा, वह्यांखाली दाबू नका, नाहीतर बोंडं चिरडतात.