दोन वर्षांच्या मुलीची पाठ वाकडी दिसते, मालिशने सरळ होईल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलीच्या एका बाजूच्या बरगड्या मागे वर आल्यात आणि शेजारच्या आजी म्हणतात, तेल लावून चोळा, वाढेल तशी सरळ होईल. मी डॉक्टर नाही, पण माझ्या लेकरावरून सांगते: चोळत बसू नका, याच महिन्यात एक्स-रे काढा.

आम्ही जिंतूर तालुक्यातले. मुलगा सव्वा वर्षाचा असताना न्हाऊ घालताना सासूबाईंच्या हाताला त्याच्या पाठीचा उंचवटा लागला. सात महिने आम्ही एका हाडवैद्याकडे फेऱ्या मारल्या. कणा नुसता बाजूला झुकत नाही, तो पिळलेलाही असतो आणि त्या पिळानंच बरगड्या वर येतात. तो पीळ चोळून उलगडत नाही.

आजींचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तीन वर्षांच्या आतल्या लेकरांत दुसरं काही कारण नसलेला बाक पुष्कळदा आपोआप जातो. पण काहींचा झपाट्यानं वाढतो, आणि वरून दोन्ही सारखेच दिसतात. लंडनच्या डॉ. मिन मेहता यांनी १९७२ साली यावर एक खूण सांगितली: बाकाच्या मधल्या मणक्याला दोन्हीकडच्या बरगड्या किती अंशांत मिळतात ते एक्स-रेवर मोजायचं. दोन्ही बाजूंतला फरक २० अंशांपेक्षा कमी असेल तर बाक बहुतेक जातो, जास्त असेल तर वाढण्याची भीती. माझ्या मुलाचा जास्त निघाला.

मग पुण्याला प्लास्टर. भूल देऊन, कणा ताणून, पीळ सोडवत छातीपासून कमरेपर्यंत घालतात आणि श्वासासाठी पोटाशी खिडकी ठेवतात. दोन-तीन महिन्यांनी बदलायचं. परभणीकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. कूलरसमोर बसून ओल्या फडक्यानं हातपाय पुसण्यात आमचे दिवस गेले. तो आठवड्यात रुळला, मीच रडत होते. पाच प्लास्टर झाली, कण्याचा बाक (बरगड्यांतला फरक नव्हे) ३८ अंशांवरून १४ वर आला. या वयात लेकरू भराभर वाढतं, आणि तीच वाढ कणा सरळ करायला कामी येते. उशीर केला तर तीच वाढ बाक वाढवते, आणि आत वाढणाऱ्या फुप्फुसांना जागा उरत नाही.

एखादा मणका जन्मतःच अर्धा असेल तर गोष्ट वेगळी. मग हृदय आणि मूत्रपिंडंही तपासतात. बारीक ताप, वजन घटणं आणि पाठीत टोकदार कुबड दिसलं तर मणक्याचा टीबी असू शकतो. पायात जोर कमी वाटला किंवा कमरेशी केसांचा झुबका, खळगा दिसला तरी थांबू नका.

कडेवर घेतल्यानं किंवा झोळीत झोपवल्यानं हे झालं असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. मी वर्षभर तेच उगाळत बसले होते.

खर्चाची काळजी असेल तर अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मुलगी दाखवा, ते जिल्हा रुग्णालयात पाठवतात. डॉक्टरांना बाक किती अंश आहे ते कागदावर लिहून मागा. एक्स-रेची फिल्म जपून ठेवा, नुसता मोबाइलवरचा फोटो नको; चार-सहा महिन्यांनी दुसरी काढतील ती याच फिल्मशी ताडून बघतील.