वाचकांचे प्रश्न : आपले खाते, परक्याची जागा

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून या वेळी आलेल्या पत्रांत समाजमाध्यमे, इंटरनेट आणि माहितीचा अधिकार यांविषयीचे प्रश्न बहुसंख्य होते. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे एका मोठ्या समाजमाध्यमावर पान होते. व्याख्यानमालेची छायाचित्रे, नव्या पुस्तकांच्या याद्या आणि वयोवृद्ध ग्रामस्थांच्या ध्वनिमुद्रित आठवणी त्यावर होत्या. नियमांचे उल्लंघन झाल्याचे एका ओळीत कळवून ते पान बंद करण्यात आले. कोणता नियम मोडला, हे कोणी सांगत नाही. हा आमच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील घाला नव्हे काय?
— कार्यवाह, तासगाव तालुका

उत्तर : तुमचा संताप रास्त आहे, परंतु कायद्याची वाट थोडी निराळी आहे. राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) ने दिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध मागता येते. खासगी कंपनीने स्वतःच्या जागेवरून तुमचा मजकूर काढला, तर त्या कलमावर थेट बोट ठेवून दाद मागणे अवघड जाते. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते २०१९ मध्ये बंद झाले, तेव्हा त्यांनाही दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली होती. कायद्याच्या जाणकाराची ही गत, तर वाचनालयाच्या कार्यवाहांनी न्यायालयाआधीची पायरी चढून पाहावी, हे बरे.

ती पायरी माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मध्ये आहे. प्रत्येक समाजमाध्यमाने आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. त्यांच्याकडे लेखी तक्रार करा, पान बंद झाल्याचा संदेश जोडा आणि कोणत्या नोंदीमुळे कोणता नियम मोडला, हे स्पष्ट शब्दांत विचारा. उत्तराने समाधान झाले नाही, तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. ही सोय ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने आली असून अनेकांना ती ठाऊकच नसते. सरकारनेच नेमलेल्या समितीने मजकुराचा निवाडा करावा का, याविषयी मला शंका आहे; तथापि तुमच्या हाती आज तेच साधन आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट तुमच्या पत्रात ओझरती आली आहे. त्या ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत वाचनालयाकडे नाही, असे तुम्ही लिहिता. अशा मजकुराची मूळ प्रत संस्थेच्या संगणकात आणि एका सुट्या हार्ड डिस्कवर असावी, संस्थेने स्वतःच्या नावाचे साधे संकेतस्थळ घ्यावे आणि समाजमाध्यमांवर केवळ त्याचे दुवे द्यावेत. म्हणजे पान गेले तरी संग्रह जात नाही, आणि पत्ता संस्थेचाच राहतो. संकेतस्थळाच्या नावाचे वार्षिक शुल्क भरण्याची नोंद कार्यकारिणीच्या इतिवृत्तात करून ठेवा. संस्थांची नावे हातची जातात ती बहुधा शुल्क भरणारा कार्यकर्ता बदलल्यामुळे.

प्रश्न : मॅस्टोडॉन, ब्ल्यूस्काय अशा 'विकेंद्रित' माध्यमांविषयी ऐकते. त्यांना मालक नसतो म्हणजे नियमही नसतात का? आमच्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचा गट तिकडे हलवावा का?
— प्राध्यापिका, मिरज

उत्तर : मालक असतात, पण एक नसतो. मॅस्टोडॉन ही ट्विटरसारखी समाजमाध्यम प्रणाली जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये सुरू केली. तिची आज्ञावली खुली आहे. कोणीही ती आपल्या सर्व्हरवर, म्हणजे सतत इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर, बसवून चालवू शकतो. जगभरचे असे हजारो सर्व्हर 'ॲक्टिव्हिटीपब' या सामाईक नियमावलीनुसार एकमेकांशी बोलतात. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्या नियमावलीला शिफारशीचा दर्जा दिला. त्यामुळे एका सर्व्हरवरील व्यक्ती दुसऱ्या सर्व्हरवरील व्यक्तीचे लेखन वाचू शकते आणि तिला उत्तरही देऊ शकते. जीमेलवाल्याने याहूवाल्याला ईमेल पाठवावा, तसेच हे चालते.

आपल्या भागात हे समजायला दूध संस्थांचे उदाहरण सोयीचे आहे. सभासद गावच्या संस्थेचा असतो, संस्था संघाला जोडलेली असते आणि गावच्या संस्थेशी पटले नाही म्हणून कोणाला दूध ओतून द्यावे लागत नाही. मात्र हे साम्य एका ठिकाणी थांबते. दूध संस्थेत सभासदाला मत असते, तर बहुतेक सर्व्हरवर तसे नसते. सर्व्हर चालवणारा ठरवेल ते नियम. तो तुमचे खाते काढू शकतो, दुसऱ्या सर्व्हरशी संबंध तोडू शकतो आणि कंटाळून सर्व्हर बंदही करू शकतो. 'सोशल डॉट कूप'सारखा एखादा सर्व्हर खरोखरच सहकारी तत्त्वावर, सभासदांच्या निर्णयाने चालतो, परंतु तो अपवाद आहे. सहकाराची एवढी परंपरा सांगणाऱ्या आपल्या जिल्ह्यांतून असा एखादा मराठी सर्व्हर उभा राहावा, असे मला मनापासून वाटते. अर्थात निवडणुकीच्या पॅनेलसह नव्हे.

तेव्हा विकेंद्रीकरणाने नियमांपासून सुटका होत नाही. मिळते ती निघून जाण्याची मुभा, आणि तीही पुरती नव्हे. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर तुमचे अनुयायी नव्या खात्याकडे वळवता येतात. तुम्ही ज्यांना अनुसरता त्यांची यादी सेटिंगमधील आयात-निर्यातीच्या सोयीने नेता येते. जुन्या नोंदी मात्र जुन्याच सर्व्हरवर राहतात. त्यांची प्रत उतरवून घेता येते, पण नव्या खात्यावर त्या मांडता येत नाहीत. शिवाय अनुयायी वळवण्यासाठी जुना सर्व्हर चालू असावा लागतो. तो बंद पडल्यावर जाग येऊन उपयोग नाही. ब्ल्यूस्काय फेब्रुवारी २०२४ पासून सर्वांना खुले झाले असून त्याची 'एटी प्रोटोकॉल' ही नियमावली वेगळी आहे. स्वतःच्या संकेतस्थळाचे नावच तेथे खात्याचे नाव म्हणून वापरता येते, ही त्याची मोठी जमेची बाजू. परंतु तेथील बहुसंख्य खाती आजही त्या एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत, हे विसरू नये.

गोपनीयतेविषयी तर भ्रमच फार. मॅस्टोडॉनवरील खासगी संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्याला ते तांत्रिकदृष्ट्या वाचता येतात. मे २०२३ मध्ये अमेरिकेत एका सर्व्हरच्या चालकाच्या घरावर एफबीआयने छापा घातला. छापा वेगळ्याच प्रकरणातील होता, पण जप्त झालेल्या सामानात त्या सर्व्हरच्या माहितीची कूटबद्ध न केलेली प्रतही गेली. विद्यार्थिनींचे दूरध्वनी क्रमांक किंवा घरगुती अडचणी अशा ठिकाणी लिहू नयेत.

गट हलवावा का? एकदम हलवू नका. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेगडे प्रकरणानंतर भारतातील पुष्कळ लोक मॅस्टोडॉनवर गेले होते, आणि त्यांतील बरेचसे परतले, कारण त्यांची माणसे जुन्याच ठिकाणी राहिली. गटातील पाच-दहा उत्साही मंडळींनी खाती उघडावीत आणि महाविद्यालयाच्या कार्यक्रमांची माहिती दोन्हीकडे द्यावी. सर्व्हर निवडताना त्याचे नियम, चालकाचे नाव आणि खर्च कसा भागतो, या तीन गोष्टी वाचाव्यात. खर्चाविषयी अवाक्षर नसलेला सर्व्हर मी तरी निवडणार नाही.

प्रश्न : मी व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन आहे. सदस्याने आक्षेपार्ह काही टाकले तर मी दोषी ठरतो का? आणि उद्या मॅस्टोडॉनसारखा सर्व्हरच चालवला तर?
— दुकानदार, विटा

उत्तर : केवळ ॲडमिन आहात म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट असल्याचे दिसले, तर गोष्ट वेगळी. सर्व्हर चालवणारा मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार 'मध्यस्थ' ठरतो. इतरांनी टाकलेल्या मजकुराबद्दल त्याला दोषी न धरण्याचे कलम ७९ चे संरक्षण मिळते, परंतु तक्रार अधिकारी नेमणे आणि न्यायालयाच्या वा सरकारच्या वैध आदेशानुसार मुदतीत मजकूर हटवणे ही कर्तव्ये पाळल्यासच. ५० लाख वापरकर्त्यांची अट केवळ मोठ्या माध्यमांवरील जादा बंधनांसाठी आहे; दोनशे माणसांचा सर्व्हर त्यामुळे मूळ कर्तव्यांतून सुटत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात नदीची पातळी आणि धरणांतील विसर्ग यांची माहिती एक सरकारी कार्यालय आधी समाजमाध्यमावर टाकते. माझे खाते नाही, आणि लॉगिन केल्याशिवाय ती नीट दिसत नाही. अशी माहिती मिळवण्यासाठी परदेशी कंपनीचे खाते उघडणे नागरिकाला बंधनकारक आहे का?
— सेवानिवृत्त शिक्षक, हरिपूर

उत्तर : मुळीच नाही, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे आभार. कृष्णा-वारणेच्या संगमावर राहणाऱ्या माणसाला पाण्याची बातमी किती तास आधी कळते, यावर जनावरे आणि धान्य हलवायचे की नाही हे ठरते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या दिवसांत खऱ्या आकड्याच्या मागून तीन खोटे आकडे मोबाइलवर फिरत होते. खरा आकडा सर्वांना खुल्या अशा एकाच सरकारी पत्त्यावर, वेळेच्या नोंदीसह मिळाला, तर खोट्याला पडताळून पाहता येते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(२) नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने नागरिकांना अर्ज करण्याची वेळच कमीत कमी येईल, अशा रीतीने आपणहून नियमित माहिती द्यायची आहे. कलम ४(४) त्याहून नेमके आहे. माहितीचा प्रसार करताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक संपर्कपद्धती विचारात घ्यावी, असे ते सांगते. समाजमाध्यमावर माहिती टाकू नका, असा याचा अर्थ नाही. ती तेवढ्यावरच ठेवू नका, असा मात्र निश्चित आहे.

तुम्ही त्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे जोडपत्र 'अ' या ठरावीक नमुन्यात अर्ज करावा. शुल्क १० रुपये असून ते कोर्ट फी स्टॅम्पने भरता येते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा. 'आपण माहिती लपवता का?' असे विचारल्यास उत्तर मिळणार नाही, कारण मत ही कागदोपत्री माहिती नव्हे. त्याऐवजी असे लिहा : 'गेल्या पावसाळ्यात पाणीपातळी व विसर्गाची माहिती जनतेला देण्यासाठी आपल्या कार्यालयाने वापरलेल्या माध्यमांची यादी, त्याविषयीच्या आदेशांच्या प्रती आणि प्रत्येक सूचना प्रसिद्ध केल्याच्या दिनांक व वेळेची नोंदवही.' माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन कलम ६(२) नुसार तुमच्यावर नाही. ३० दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती मागितल्यास मुदत ४८ तासांची आहे. प्रत्यक्ष पुराच्या दिवसांत अर्ज करावा लागलाच, तर ही तरतूद अर्जाच्या पहिल्याच ओळीत नमूद करावी.

ग्रामपंचायतीनेही आपला वाटा उचलावा. फळ्यावर खडूने लिहिलेला आकडा आणि ध्वनिवर्धकावरील घोषणा यांना लॉगिन लागत नाही.

प्रश्न : सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळी गावातील दंगलीनंतर सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद झाले होते. विकेंद्रित माध्यम असते तर संपर्क चालू राहिला असता का?
— विद्यार्थी, कराड

उत्तर : नाही. सर्व्हर अनेक असले तरी त्यांच्यापर्यंत जाणारी वाट इंटरनेटचीच आहे. 'ब्रायर'सारखी काही ॲप्स ब्लूटूथने जवळच्या फोनपर्यंत संदेश पोहोचवतात खरी, पण मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या १४ ॲप्समध्ये ब्रायरचाही समावेश होता. तुमच्या हाती राहतो तो आदेश मागण्याचा हक्क. काश्मीरमधील इंटरनेटबंदीविषयीच्या अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनिश्चित काळासाठी इंटरनेट बंद ठेवता येणार नाही आणि असे आदेश प्रसिद्ध करावे लागतील, असे सांगितले. सध्याच्या नियमांनुसार एक आदेश १५ दिवसांपेक्षा अधिक चालत नाही आणि त्यात कारणे लिहावी लागतात. अफवांनी माणसे मरतात हे खरे आहे, म्हणून काही तासांची बंदी मी सरसकट चूक म्हणणार नाही. मात्र आदेशाची प्रत कोठेच सापडत नसेल, तर त्या बंदीचे समर्थन करता येत नाही.

प्रश्न : ठिबक सिंचनाच्या अनुदानाच्या लाभार्थ्यांची यादी माहिती अधिकारात मागितली. 'वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(जे)' एवढेच लिहून अर्ज फेटाळला. आता काय करावे?
— शेतकरी, आटपाडी तालुका

उत्तर : हे उत्तर यापुढे अनेकांना मिळणार आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने कलम ८(१)(जे) बदलले आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. पूर्वी माहितीचा सार्वजनिक कामकाजाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होत असेल, तरच नकार देता येई. शिवाय जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये, असे परंतुक होते. आता 'वैयक्तिक माहिती' एवढेच शब्द उरले आहेत. खासगीपणाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मूलभूत ठरवला, तो सामान्य माणसाच्या संरक्षणासाठी. सरकारी पैशाच्या हिशेबावर पांघरूण घालण्यासाठी त्याचा वापर होणे मला अनुचित वाटते.

तरीही दार बंद झालेले नाही. अनुदान योजनांतील रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील आपणहून प्रसिद्ध करणे कलम ४(१)(ब) मधील बाराव्या बाबीनुसार कार्यालयाचे कर्तव्य आहे, आणि ती बाब बदललेली नाही. सार्वजनिक हित अधिक असल्यास माहिती देण्याची मुभा कलम ८(२) ने कायम ठेवली आहे. कलम १० नुसार आधार क्रमांक आणि बँक खाते झाकून उरलेली यादी देता येते. नकार योग्य असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार अधिकाऱ्यांवर आहे, तुमच्यावर नाही. ही चारही कलमे क्रमाने लिहून नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याच विभागातील प्रथम अपिलीय प्राधिकाऱ्यांकडे जोडपत्र 'ब' मध्ये अपील करा. आधार आणि बँक खात्याचे क्रमांक आपल्याला नको आहेत, हे अपिलात स्वतःहून लिहा. तेथेही नकार आला, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे अपील करता येईल. त्यासाठी मूळ अर्ज, नकाराचे पत्र आणि पहिल्या अपिलाची पोच यांच्या प्रती आतापासून एका फायलीत ठेवाव्यात.