आठवडाभराचं जेवण आधीच करून फ्रीझरमध्ये ठेवायचं तर कसं? आमचं सगळं पाणचट झालं

तुम्ही लिहिलंय की दोघंही नोकरी करता, घरी पोचायला सात वाजतात, मुलं सहा आणि दहा वर्षांची आहेत. रविवारी दिवसभर खपून पाच रात्रींची पाच जेवणं केलीत, मोठ्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवलीत आणि बुधवारपर्यंत मुलांनी ताट बाजूला सारलं. बटाटा रवाळ, क्रीम घातलेला रस्सा फुटलेला, भाज्यांचा लगदा. आता तुम्ही विचारताय, की मुळात हे घरी जमण्यासारखं आहे का?

जमतं. आमचं घर सहा वर्षं यावर चाललंय. बायकोची कामाची पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक बहुतेक वेळा माझ्याकडे असतो. पहिले दोन महिने मीही तुमच्यासारखाच करत होतो. मग अख्खं जेवण फ्रीझ करणं सोडलं आणि गाडी रुळावर आली. आता ज्या कामाला वेळ लागतो तेवढंच करून ठेवतो. जे पंधरा मिनिटांत होतं ते त्या त्या संध्याकाळी ताजं करतो.

सात वाजता घरी आल्यावर वेळ कशात जातो ते आठवून बघा. कांदा चिरून तांबूस होईपर्यंत परतण्यात, टोमॅटो आटवण्यात, कडधान्य शिजण्यात, मांस मऊ होण्यात. आणि नेमक्या याच गोष्टी फ्रीझरमध्ये उत्तम राहतात. कारण साधं आहे. पदार्थ गोठताना त्यातल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि ते पेशींच्या भिंती फाडतात. आटवलेल्या टोमॅटोत किंवा तासभर परतलेल्या कांद्यात फाटण्यासारखं काही उरलेलंच नसतं, त्यामुळे त्यांना काही होत नाही. उलट हिरव्या भाज्या, काकडी, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, बटाट्याच्या फोडी यांची सगळी मजा त्यांच्या पोतात असते आणि फ्रीझर तोच बिघडवतो. पण यातलं बहुतेक सगळं पटकन होणारं आहे. लहान फोडी केल्या तर बटाटासुद्धा दहा-बारा मिनिटांत शिजतो. तेव्हा वेळखाऊ ते फ्रीझरमध्ये आणि झटपट ते ताजं, ही वाटणी धरून चाललात तर तुमच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतील.

माझ्या फ्रीझरमध्ये कायम तीन-चारच गोष्टी असतात. कांदा-टोमॅटोचा परतून आटवलेला मसाला, शिजवलेली कडधान्यं त्यांच्याच पाण्यासकट, मऊ शिजवलेलं चिकन किंवा परतलेला खिमा, आणि हाडांचं किंवा भाज्यांचं सूप. एवढ्यावर वेगवेगळी जेवणं होतात. मसाल्यात कडधान्य घातलं की एक जेवण, खिमा घातला की दुसरं, सूपमध्ये चिकन आणि ताज्या भाज्या टाकल्या की तिसरं. मुलांना सलग तीन दिवस तीच चव येत नाही, हा मोठा फायदा. (राजमा शिजवत असाल तर एक सांभाळा. भिजवलेलं पाणी टाकून द्या आणि नवीन पाण्यात किमान 10 मिनिटं खळखळून उकळा. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं आणि मंद आचेच्या भांड्यात ते नष्ट होईलच असं नाही.)

आता डब्यांबद्दल, कारण मला वाटतं तुमचं खरं नुकसान तिथे झालं. पहिल्या महिन्यात मी तीन लिटर रस्सा एका खोल डब्यात ओतून रात्री अकराला फ्रीझरमध्ये ठेवला होता. सकाळी सहाला बघितलं तर वर कडक थर. चमच्याने तो फोडला आणि बोट घातलं तर मधला रस्सा अजून कोमट होता. सात तास तो जंतूंना वाढायला अगदी सोयीच्या तापमानात बसून होता. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस ही जंतू भराभर वाढण्याची पट्टी, आणि अन्न त्यात जितका कमी वेळ राहील तितकं चांगलं. सगळा रस्सा टाकून दिला. घरच्या सगळ्यांच्या पोटात जाणारी गोष्ट होती, तिथे काटकसर करायची माझी तयारी नव्हती.

तेव्हापासून खोल डबा बंद. भांडं गॅसवरून उतरवलं की मोठ्या परातीत थंड पाणी घेऊन त्यात बसवतो आणि अधूनमधून ढवळतो. पाणी तापलं की बदलतो. घाई असेल तर रुंद ताटांत पातळ पसरतो. दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये गेलंच पाहिजे. भाताच्या बाबतीत तर मी याहून कडक आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवल्यावरही जगतात, आणि भात बाहेर राहिला की त्यातून वाढणारे जंतू असं विष तयार करतात जे पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून भात झाल्या झाल्या पसरून निववतो आणि तासाभरात पिशव्यांत भरतो. लगेच गोठवलेला भात मात्र छान राहतो. वरून दोन चमचे पाणी शिंपडून झाकून वाफवला की मोकळा होतो.

निवलेला पदार्थ मी झिपच्या जाड पिशव्यांत भरतो. पिशवीची कड उंच मगावर दुमडायची, म्हणजे ती उभी राहते आणि झिपला मसाला लागत नाही. भरून झालं की हवा नीट दाबून काढायची. हवा राहिली की बर्फ पृष्ठभागावरून थेट वाफ होऊन उडतो आणि करडे, कोरडे, चिवट डाग पडतात. ते खाल्ल्याने अपाय होत नाही, पण चव गेलेली असते. मग पिशवी ट्रेवर आडवी टाकून तळहाताने सपाट करायची. जाडी बोटभर, फार तर दोन-अडीच सेंटिमीटर. पिशव्या एकावर एक न रचता आधी सुट्या गोठू द्यायच्या. कडक झाल्या की पुस्तकांसारख्या उभ्या लावायच्या. जागा कमी लागते, आणि कोणती पिशवी हवी ते एका नजरेत कळतं.

सपाट पिशवीने चवीतही फरक पडतो. क्लॅरेन्स बर्डसाय नावाचा अमेरिकन माणूस 1912 नंतरच्या काही वर्षांत कॅनडातल्या लॅब्राडॉरमध्ये राहत होता. तिथले इन्युइट लोक कडाक्याच्या थंडीत मासे पकडत. ते बर्फावर काढल्याबरोबर गोठत आणि कित्येक दिवसांनी शिजवले तरी ताज्यासारखे लागत. त्याच्या ध्यानात आलं की पदार्थ जितका झटकन गोठतो तितके स्फटिक बारीक राहतात आणि पोत टिकतो. पुढे त्याने दोन थंड पत्र्यांमध्ये चपटी पाकिटं दाबून गोठवायचं यंत्र केलं. ट्रेवर सपाट टाकलेली तुमची पिशवी घरच्या घरी साधारण तेच करते.

एका दिवसात किती गोठवायचं यालाही मर्यादा आहे, आणि रविवारी पाच जेवणं एकदम ठेवताना तुमच्याकडून बहुधा ती ओलांडली गेली. फ्रीझरच्या दर 28 लिटर जागेमागे दिवसाला एक किलोच्या आसपास. म्हणजे 100 लिटरच्या फ्रीझरमध्ये साडेतीन-चार किलो झाले की थांबायचं. त्याहून जास्त ठेवलं तर नवीन सामान हळू गोठतं आणि आधीच्या पिशव्याही मऊ पडायला लागतात. मी म्हणूनच एका रविवारी सगळं करत नाही. एका आठवड्यात मसाला आणि कडधान्यं, पुढच्या आठवड्यात चिकन आणि सूप. दोन तासांत उरकतं आणि उरलेला रविवार मुलांना मिळतो.

रस्सा फुटल्याबद्दल. दूध, क्रीम, दही घातलेलं काहीही गोठवू नका. ते घालायच्या आधी थांबा आणि संध्याकाळी गरम करताना शेवटी घाला. कॉर्नफ्लोअर किंवा मैदा लावून दाट केलेला रस्सा वितळल्यावर पाणी सोडतो, तेव्हा दाटपणाही त्याच वेळी आणायचा. चवीचंही असंच आहे. लसूण, मिरी, लवंग गोठून उग्र होतात, क्वचित कडवट लागतात. मी हे सगळं निम्म्याने घालतो, मीठही बेताचं, आणि गरम करताना चाखून पुरं करतो. वरून लिंबू आणि मूठभर ताजी हिरवी पानं पडली की पदार्थ जिवंत होतो. हे शेवटचं वगळू नका, मुलांना शिळं आणि ताजं यातला फरक इथेच जाणवतो.

मटार, फरसबी अशा भाज्या ठेवायच्याच असतील तर कच्च्या ठेवू नका. त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) थंडीतही हळूहळू काम करत राहतात आणि रंग, चव दोन्ही जातं. उकळत्या पाण्यात मटार दीड-दोन मिनिटं, फरसबी तीन मिनिटं, मग तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात. कापडावर पूर्ण कोरड्या करून, ट्रेवर सुट्या गोठवून मगच पिशवीत. हा खटाटोप मी फार करत नाही, कारण बाजारातले गोठवलेले मटार याच पद्धतीने केलेले असतात आणि चांगले असतात.

काचेच्या बरणीत ठेवत असाल तर वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. पाणी गोठताना जवळजवळ 9 टक्क्यांनी फुगतं आणि बरणी तडकते.

चिठ्ठी मात्र पिशवी भरायच्या आधी, कोरडी असतानाच लावा, नंतर दव धरलेल्या पिशवीवर काही चिकटत नाही. आमच्याकडे चिठ्ठीवर असं लिहिलेलं असतं: ‘चिकन, 12 जून, चौघांना. बटाटा, मीठ, शेवटी क्रीम.’ त्या संध्याकाळी काय घालायचं ते लिहिलेलं असलं की दमून आलेल्या माणसाला आठवत बसावं लागत नाही, आणि माझ्याऐवजी बायको आधी घरी आली तरी तिला फोन करावा लागत नाही. रात्री झोपण्याआधी उद्याची पिशवी फ्रीझरमधून काढून खालच्या फ्रिजमध्ये ठेवायचं काम आमच्या थोरलीचं आहे. ती आता अकरा वर्षांची आहे. पिशव्या चाळून तीच ठरवते, आणि स्वतः निवडलेलं जेवण तिने अजून एकदाही नाकारलेलं नाही. तुमच्या दहा वर्षांच्या मुलाला हे काम देऊन बघा.

वितळवायचं ते फ्रिजमध्येच, ओट्यावर नाही. बाहेरची बाजू तासन्‌तास उबदार राहते आणि आत अजून बर्फ असतो. विसरलात तर बंद पिशवी थंड पाण्यात बुडवा, सपाट पिशवी अर्ध्या तासात सुटते. मोठ्या पिशवीला जास्त वेळ लागला तर दर अर्ध्या तासाला पाणी बदला. सूप आणि रस्सा तर तसाच गोठलेला भांड्यात टाकून, तळाला थोडं पाणी घालून मंद आचेवर ठेवला तरी चालतो. गरम करताना मात्र कोमटावर समाधान मानू नका. मध्यभागी 74 अंश सेल्सिअस झालं पाहिजे. थर्मामीटर नसेल तर रस्सा सगळीकडून खदखदू द्या, ढवळा आणि पुन्हा खदखदू द्या. गोठवल्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. वितळल्यावर ते पुन्हा कामाला लागतात.

फ्रीझर उणे 18 अंशांवर असेल तर पदार्थ दीर्घकाळ सुरक्षित राहतो, उतरते ती चव. सूप आणि रस्से मी तीन महिन्यांत संपवतो. वीज गेली तर दार उघडू नका. गच्च भरलेला फ्रीझर साधारण 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24 तास.

या रविवारी पाच जेवणं करू नका. दोन किलो कांदे आणि दोन किलो टोमॅटो घ्या, जाड बुडाच्या भांड्यात तेल सुटेपर्यंत परता, निववा आणि एकेका जेवणाला पुरेल इतका भरून सपाट गोठवा. शेजारच्या शेगडीवर एखादं कडधान्य शिजू द्या. सोमवारी रात्री यातली एकेक पिशवी काढा, मंगळवारी सात वाजता दोन्ही एका भांड्यात टाका आणि तेवढ्यात भात लावा. बटाटा घालायचा असेल तर लहान फोडी करून तेव्हाच घाला.