नवरदेवाच्या हातातली कट्यार घरातल्या भंगारातून बनवता येईल का?

आपण विचारले आहे की, भावाच्या लग्नासाठी भाड्याची कट्यार आणण्याऐवजी घरातल्या भंगारातून एक छोटी कट्यार स्वतः बनवता येईल का, आणि लोहारकामाचा अनुभव नसताना ते जमेल का. जमते. माझ्या चुलतभावाच्या लग्नासाठी मी अशी एक कट्यार बनवली आणि त्याआधी एक बिघडवली. दोन्हींच्या आधारे हे लिहितो आहे.

हळद लागल्यापासून लग्न लागेपर्यंत नवरदेवाने ती हातात धरायची आणि तिच्या टोकाला लिंबू खोचायचे, एवढेच तिचे काम असते. काही घरांत तिच्या जागी साधी सुरी किंवा अडकित्ताही चालतो. तिने काहीच कापायचे नसल्यामुळे पोलादाला पाणी देणे (तापवून एकदम थंड करून कडक करणे) आणि धार लावणे या नवशिक्याला हमखास चुकवणाऱ्या दोन गोष्टी आपल्याला करायच्याच नाहीत. संग्रहालयात दिसणाऱ्या जुन्या कट्यारीला दोन समांतर दांड्यांच्या मधोमध आडवी मूठ असते. तिला वेल्डिंग लागते, म्हणून तो नाद सोडून सरळ मुठीची घडण निवडावी.

पात्यासाठी मी घासून गुळगुळीत झालेली दहा इंची चपटी कानस घेतली. कानशीचे पोलाद फार कडक आणि तितकेच ठिसूळ असते. ते तसेच ठोकले किंवा व्हाइसमध्ये वाकवले तर काचेसारखे तुटून तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. म्हणून प्रथम ते मऊ करावे लागते. जुन्या घमेल्यात लोणारी कोळसा पेटवून, उघड्यावर, पंख्याचा वारा देत कानस लालभडक होऊ द्यावी आणि चिमट्याने धरून तिला लोहचुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटेनासा झाला की साधारण 770 अंश सेल्सिअस गाठले असे समजावे, थोडा वेळ आणखी तापवावे आणि मग कानस कोरड्या राखेत पुरून रात्रभर तशीच राहू द्यावी. घाईने पाण्यात बुडवली तर ती पुन्हा कडक होते आणि सगळी मेहनत वाया जाते. सकाळी नवी कानस तिच्यावर फिरवून पाहावी: नुसती घसरली तर पोलाद मऊ झालेले नाही, आणि भुसा पडू लागला तर काम फत्ते. (जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा पट्टी मात्र कधीही आगीत घालू नये, तिचा धूर बाधतो.)

त्यानंतर पुठ्ठ्याचा नमुना ठेवून आकार आखावा, करवतीने कापावा आणि कानशीने घासावा. मी पाते सहा इंच ठेवले, कडा जवळजवळ एक मिलिमीटर जाड आणि बोथट ठेवल्या आणि मुठीजवळ कानशीचे जुने दात मुद्दामच राहू दिले. हळदीच्या वेळी घरातल्या बायकांना ती नक्षी वाटली. मुठीसाठी मोडक्या पाटाच्या सागवानाचे दोन तुकडे घेतले आणि परजासाठी, म्हणजे मूठ आणि पाते यांच्यामधल्या आडव्या अडणीसाठी, जुन्या कडीची पितळी पट्टी. पोलाद मऊ असल्यामुळे साध्या ड्रिलने भोके पडली आणि पितळी खिळे आरपार घालून दोन्ही बाजूंनी ठोकून बसवले.

खरी फजिती लिंबाने केली. पहिल्या पात्याला मी टोकापासूनच रुंद होत जाणारा, चित्रातल्यासारखा आकार दिला होता. लग्नाआधीच खोचून पाहिले तर लिंबू फाटले, घसरून परजाशी आले आणि रस मनगटावरून सदऱ्याच्या बाहीत उतरला. दुसऱ्या वेळी पुढचा दीड इंच भाग पेन्सिलीएवढा अरुंद ठेवला आणि त्याच्या मागे लहान खांदा काढला, त्यामुळे लिंबू तिथेच अडते. लिंबाच्या आम्लाने साधे पोलाद एका रात्रीत काळवंडते, तेव्हा टोकाला मेणाचा पातळ हात द्यावा, लिंबू रोज बदलावे आणि दर वेळी पाते पुसावे. एवढा खटाटोप नको असेल तर झिजलेल्या स्टेनलेस सुरीलाच घासून आकार द्यावा; ती गंजत नाही, पण मला ती स्वयंपाकघरातलीच वाटत राहिली.

मापाबद्दल एक सावधगिरी बाळगावी. शस्त्र अधिनियम, 1959 खालच्या नियमांत घरगुती किंवा शेतीकामाची हत्यारे वगळता 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे सुरे शस्त्रांत मोजले जातात, म्हणून त्याच्या बरेच आत राहावे. वऱ्हाड विमानाने जाणार असेल तर कट्यार हातातल्या पिशवीत न ठेवता चेक-इन सामानात द्यावी. लग्नानंतर तेलाचा हात फिरवून ती सुती कापडात गुंडाळावी. चामड्याच्या म्यानात ठेवू नये, कारण चामडे ओल धरते आणि पुढच्या दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढाल तेव्हा पात्यावर गंज आलेला असतो.